बलस्थानांचा रकाना

को बाई दचकत नाहीत, हे त्यांच्या कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. एकदा झेरॉक्सच्या यंत्रातून धूर निघाला. बाकीच्या मुली किंचाळत जिन्याकडे धावल्या. बाईंनी उठून प्लग काढला, खिडकी उघडली आणि अर्धा राहिलेला फॉर्म पुढे भरायला घेतला. मुली म्हणाल्या, काय डोकं थंड आहे बाईंचं! डोकं थंड असणं वेगळं आणि माणूस आतून सुन्न असणं वेगळं. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे कौतुक पदरात पडतं आणि चौकशी कोणी करत नाही.

पूर्ण नाव को बिशिया, वय एकोणपन्नास. चालायला, बोलायला, घास चावायला वयापेक्षा उशीर होतो अशा लहान मुलांच्या घरी जायचं आणि घरच्यांना शिकवायचं, हे त्यांचं काम. युनलिन जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची सात खेडी त्यांच्याकडे होती. तिथली तरुण माणसं उत्तरेकडच्या कारखान्यांत, त्यामुळे घरचे म्हणजे बहुतेक वेळा आजीआजोबा. बाई स्कूटरवरून जात. पुढे पायाशी खेळण्यांची निळी पिशवी, तिच्यात साबणाचे फुगे, लाकडी कड्या, चित्रांचे पत्ते, एक आरसा. एकोणीस वर्षांत तीन स्कूटर झिजल्या, पिशवी मात्र तीच होती.

सुरुवातीला बाई पोरांसाठी भांडत. हट्टी आजोबांच्या ओट्यावर तासन्‌तास बसून राहत, हॉस्पिटलच्या खिडकीवर आवाज चढवत. पुढे कधीतरी ते थांबलं. का, कधी, असं विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही. भांडून एक मूल शाळेत जायचं आणि त्याच भांडणापायी तीन घरांची दारं बंद व्हायची, असं वर्षानुवर्षं चाललं की माणूस पाट्या टाकायला लागतो. त्यात वाईट हे, की पाट्या टाकणाऱ्याची पाटी नेहमी भरलेली असते, त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

त्या फेब्रुवारीत बाईंची आई गेली. भावाने रिवाजाप्रमाणे रडणारी बाई ठरवली होती. पांढऱ्या कपड्यांतली ती बाई हातात माइक घेऊन गुडघ्यांवर रांगत आली आणि "आई गं, मला टाकून कुठे गेलीस" म्हणून तिने असा हंबरडा फोडला, की शेजारच्या गल्लीतल्या बायकांनीही डोळे पुसले. को बाई, सख्खी मुलगी, उभ्या राहून बघत होत्या. या बाईचा घसा बसणार, एवढंच त्यांच्या मनात आलं. आठव्या दिवशी त्या कामावर आल्या आणि त्या दिवशी त्यांनी पाच घरं केली.

त्या पाच घरांतलं शेवटचं, नवीन लागलेलं घर हुंग अमाचं. अमा म्हणजे तिकडे आजी. हुंग अमा कालवं सोलायची. घराच्या पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये बुटक्या स्टुलावर बसून, रबरी हातमोजे घालून, आखूड सुरीने एकेक कालव उघडायचं, गर घमेल्यात टाकायचा आणि कवच मागे भिरकवायचं. समोर बसून तेच काम करणारी क्वेलान ही तिची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. दोघींच्या मागे कवचांचे दोन ढीग होते, आणि कोणाचा ढीग मोठा यावरून रोज वाद असायचा. अमाचा नातू अयू, वय तीन वर्षं दोन महिने, त्या दोन ढिगांच्या मधे बसून कवचांचे मनोरे रचायचा. आईबाप दोघंही ताओयुआनला कारखान्यात होते आणि नवीन वर्षाला घरी यायचे. अयू अजून एक शब्द बोलत नव्हता.

"तो बोलत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" अमाने सुरी न थांबवता विचारलं.

"लसीच्या दवाखान्यातल्या नर्सने नाव दिलंय, अमा."

"तिला नवरा मिळेना, म्हणून लोकांची पोरं मोजत बसते. बाई, मोठा कोंबडा उशिरा आरवतो. याचा बाप चार वर्षांचा झाला तेव्हा कुठे बोलला. आता फोनवर गप्प कर म्हणावं लागतं."

"आरवेल तेव्हा आरवेल," क्वेलान म्हणाली. "तोवर एखादं अंडं तरी घाल म्हणावं."

"तू तुझी कालवं बघ. निम्म्या गरात कवचाची कच सोडतेस, आणि चालली माझ्या नातवाला नावं ठेवायला!"

हा कोंबडा त्या किनाऱ्यावर प्रत्येक घरी आरवायचा राहिलेला असतो. बाईंनी तो हजार वेळा ऐकला होता. त्यांनी मान डोलावली आणि बाळाची पुस्तिका मागितली. पुस्तिकेत सगळं जागच्या जागी होतं. जन्माचं वजन, लसी, आणि तिसऱ्या पानावर निळा शिक्का: कान, दोन्ही, उत्तीर्ण. शिक्का बघून बाईंनी फॉर्ममधल्या कानाच्या चौकोनात खूण केली आणि पान उलटलं.

आता बलस्थानांच्या रकान्याबद्दल सांगायला हवं. फॉर्मचा तो पहिला रकाना. मुलाला काय येत नाही ते नंतर, आधी त्याला काय येतं ते लिहायचं, असा वरून आलेला नियम. कल्पना सोन्यासारखी होती. बाईंनी पहिल्या वर्षी एका मुलीच्या रकान्यात वीस ओळी लिहून जोडपत्र लावलं होतं. आता त्या तीनचार वाक्यं आलटूनपालटून वापरत. हसरा आहे. पाण्यात रमतो. आजीवर माया आहे.

"अमा, अयूचं चांगलं काय सांगाल?"

अमाची सुरी पहिल्यांदा थांबली. "धीट आहे," ती म्हणाली. "असा धीट पोरगा या गावात झाला नाही. गेल्या साली देवाची पालखी आली. दारात ही लांबलचक माळ लावली फटाक्यांची. हिचा धट्टाकट्टा नातू, दुसरीत जाणारा, चड्डी ओली करून घरात पळाला."

"त्याला ताप होता," क्वेलान म्हणाली.

"भित्रेपणाचा ताप. आणि हा माझा? धुरात जाऊन उभा राहिला! जळके लाल कागद वेचत होता. देवळातला म्हातारा म्हणाला, अमा, हा सेनापती होणार."

हे क्वेलानलाही नाकारता येईना, कारण ते सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. बोलत नसलेल्या नातवाच्या आजीकडे मिरवायला ही एवढी एकच गोष्ट होती. बाईंनी रकान्यात लिहिलं: धीट. फटाक्यांना घाबरत नाही.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी बाई जात राहिल्या. फुगे काढत, पत्ते दाखवत, ओठ मोठे करून "बा" म्हणत. अयू त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि तोंड तसंच मोठं करायचा, पण आवाज निघायचा नाही. शेडमध्ये पाण्याचा पंप सतत घरघरत असायचा, बायका ओरडूनच बोलायच्या. हाक मारल्यावर अयू कधी वळायचा, कधी नाही. "हाकेला ओ: कधी कधी," बाई लिहायच्या. तीन वर्षांची कुठली पोरं दर हाकेला ओ देतात? आणि बलस्थानांच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द: वरीलप्रमाणे.

ऑगस्टमध्ये मोठ्या हॉस्पिटलातली सगळी तपासणी व्हायची होती. एकाच दिवशी हाडाचे, मेंदूचे, कानाचे, बोलण्याचे असे सगळे डॉक्टर बघतात, त्या तारखेसाठी चार चार महिने थांबावं लागतं. तारीख नेमकी तिकडच्या पंचांगातल्या सातव्या महिन्यात आली. सातव्या महिन्यात भुतं मोकळी सुटलेली असतात. त्या दिवसांत अमा नवी चप्पलसुद्धा घालायची नाही, मग हॉस्पिटलात पोर नेणं दूरच.

"तिकडे किती माणसं मरतात, बाई! सगळी तिथेच घुटमळत असणार. लहान पोराला बघून एखादं चिकटलं म्हणजे? तारीख पुढची घ्या."

दहा वर्षांपूर्वीच्या को बाई असत्या तर दिवसभर ठाण मांडून बसल्या असत्या. गरज पडली तर देवळातून ताईत आणून पोराच्या गळ्यात बांधला असता, पण नेलं असतं. या को बाई म्हणाल्या, "बरं." पुढची तारीख डिसेंबरातली मिळाली. ती त्यांनी फॉर्मवर लिहिली आणि पुढच्या घरी गेल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी त्या गेल्या तो नेमका पालखीचा दिवस निघाला. गल्लीत माणूस मावत नव्हता. अमा नैवेद्याचं ताट घेऊन देवळाकडे गेली होती आणि अयूला क्वेलानवर सोपवलं होतं. बाई शेडच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, परत जावं की थांबावं याचा विचार करत. समोर रस्त्यावर फटाक्यांची माळ पसरलेली होती, लाल, अजगराएवढी. कोणीतरी उदबत्ती टेकवली.

आवाज झाला तो छातीत बसणारा. गल्ली एकदम आक्रसली. बायकांनी कान झाकले, म्हातारे भिंतीला चिकटले, क्वेलान "अगं आई" म्हणून खाली बसली, एक कुत्रं शेपूट घालून बाईंच्या पायांतून पळालं. बाई जशा होत्या तशा उभ्या होत्या. धूर सरकत आला आणि त्या धुरातून त्यांना दिसलं, की त्यांच्याखेरीज आणखी एक जण तसाच उभा आहे. अयू. त्याचे डोळेसुद्धा मिटले नव्हते. तो तोंड उघडं टाकून ठिणग्या बघत होता, आकाशकंदील बघावा तसा.

एवढ्या मोठ्या गल्लीत दोघंच दचकले नव्हते. आपण का नाही दचकलो, ते बाईंना माहीत होतं. त्यासाठी एकोणीस वर्षं लागली होती. मग तीन वर्षांचं पोर का दचकलं नाही?

बाई शेडमध्ये शिरल्या. पंप बंद केला. माळ संपली, पालखी वळणावर गेली, गल्ली शांत झाली. अयू परत येऊन आपल्या मनोऱ्यापाशी बसला, त्यांच्याकडे पाठ करून. बाईंनी रिकामं घमेलं उचललं, त्याची सावली पोरावर पडणार नाही अशा बेताने मागे उभ्या राहिल्या, आणि कालवं सोलायच्या सुरीच्या मुठीने घमेल्यावर जीव खाऊन तडाखा दिला.

"मेले!" क्वेलान दारातून ओरडली. "बाई, वेड लागलं का तुम्हाला? माझं काळीज तोंडात आलं!"

अयूने मनोऱ्यावर आणखी एक कवच ठेवलं.

बाईंनी दुसरा तडाखा दिला, तिसरा दिला. मग घमेलं खाली ठेवून त्या अमाच्या स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून फाइल काढली. पहिलं पान. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार, कुठे खाडाखोड नाही. धीट. फटाक्यांना घाबरत नाही. त्याखाली वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. आठ महिने.

तेवढ्यात अमा आली. वाटेत तिला भेटणाऱ्या प्रत्येकाने नातवाची छाती किती मोठी ते सांगितलं होतं, त्यामुळे ती फुलून आली होती. "पाहिलंत ना, बाई? आज तर तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत!" तिने नैवेद्यातला गोड पाव बाईंच्या हातात ठेवला. बाईंनी तो घेतला, "येते" म्हणाल्या आणि स्कूटर काढली.

घरी नवरा टीव्ही बघत होता. बाईंनी भात लावला. एक सोपा मार्ग त्यांना दिसत होता. आणखी एक चिठ्ठी लिहायची, कान तपासून घ्या, नेहमीचीच तपासणी आहे. चूक कोणाची हे कधी निघालंच नसतं. पण घोडं इथेच पेंड खात होतं. नेहमीच्या तपासणीला हुंग अमा गेली नसती, डिसेंबरातल्या तारखेलाही गेली असती की नाही कोण जाणे, आणि प्रत्येक महिन्यागणिक या पोराचं बोलणं हातातून निसटत होतं. तिला न्यायचं तर खरं सांगावं लागणार होतं. खरं सांगायचं म्हणजे तिच्याजवळची ती एकच मिरवायची गोष्ट काढून घ्यायची.

सकाळी बाईंनी हॉस्पिटलच्या कानाच्या विभागात फोन केला. दीड महिना जागा नाही, असं उत्तर आलं. बाई म्हणाल्या, "मी फोन ठेवणार नाही." पलीकडची मुलगी वैतागली, साहेबांना देते म्हणाली, दिला नाही. वीस मिनिटांनी पुढच्या गुरुवारची एक रद्द झालेली वेळ निघाली. फोन खाली ठेवला तेव्हा कचेरीतल्या मुली माना वळवून बघत होत्या, कारण बाईंचा आवाज चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

मग बाई अमाकडे गेल्या. त्यांचा दिवस नसताना त्या आलेल्या बघून अमा हसली. "पाव आवडला वाटतं!"

"अमा, अयूला ऐकू येत नाही."

"कोणाचं? माझं? माझं तो कधीच ऐकत नाही. बापावर गेलाय."

"तसं नाही. कानाला ऐकू येत नाही. फटाक्यांना तो घाबरत नाही, कारण फटाके त्याला ऐकूच येत नाहीत."

सुरी थांबली. क्वेलानची पण थांबली. अमाने आधी बाईंकडे पाहिलं, मग ती तरातरा आत गेली आणि बाळाची पुस्तिका घेऊन आली. ओल्या हातमोज्यांनी तिने तिसरं पान उघडलं. "हे काय आहे? मला वाचता येत नाही, पण शिक्का कळतो. सरकारचा शिक्का खोटा?"

"तेव्हा येत असेल. काही पोरांचं नंतर जातं. तुम्हीच बघा, अमा. त्याच्या मागे उभं राहून हाक मारा. पायाचा धक्का लागू देऊ नका."

अमा उभी राहिली. अयू पाठमोरा बसला होता, हाताएवढ्या अंतरावर. क्वेलानने न सांगता पंप बंद केला.

"अयू," अमा म्हणाली. मग मोठ्याने, "अयू!" मग घसा फाडून, समुद्रावर मारावी तशी हाक. पलीकडच्या घरातून कोणीतरी डोकावून पाहिलं. पोराने खाली वाकून एक लहान कवच निवडलं आणि उजेडात धरून पाहिलं.

अमाने हातातली पुस्तिका मिटली. मग म्हणाली, "मी याला झाडूने मारते. पाण्याच्या टाकीकडे जाऊ नको म्हणून दहादा सांगते, तरी जातो, म्हणून मारते. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघतो. मला वाटायचं, कोडगा आहे."

 मग अमा बाईंकडे वळली. "आणि तू? आठ महिने येतेस. शिकलेली आहेस. फुगे काढतेस, पत्ते दाखवतेस, लिहून घेतेस. तुला नाही कळलं?"

तुम्हीचं तू झालेलं बाईंच्या ध्यानात आलं. "नाही कळलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत ते मी तसंच लिहून घेतलं. शिक्का बघितला आणि पान उलटलं. ऑगस्टात तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मी भांडायला हवं होतं. नाही भांडले."

"का?"

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. 

"चालती हो," अमा म्हणाली. "मग तू कशाची बाई?"

बाईंनी गुरुवारची वेळ लिहिलेला कागद घमेल्याखाली सरकवला आणि निघाल्या. निघताना त्यांना काय वाटत होतं म्हणाल, तर काही नाही. हात स्कूटरच्या मुठीवर होते आणि रस्ता समोर होता. तीन घरं अजून बाकी होती, ती त्यांनी केली. फक्त दर घरी त्या पोराच्या पाठीमागे जाऊन एकदा चुटकी वाजवून आल्या. प्रत्येक पोर वळलं.

गुरुवारी बाई हॉस्पिटलच्या दारात थांबल्या. साडेआठची बस आली, तिच्यातून अमा उतरली नाही. नऊची आली, नाही उतरली. वेळ साडेनवाची होती. बाई बसथांब्याच्या बाकावर बसून होत्या. आईच्या शवपेटीपाशीही त्या अशा तळमळल्या नव्हत्या, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि त्यांना त्याची लाज वाटली. नऊ वीसला एक जुना मासळीचा टेम्पो दारात येऊन थांबला. पुढे क्वेलानचा मुलगा, शेजारी लग्नाला घालायचा जांभळा कोट घातलेली अमा, तिच्या मांडीवर अयू.

"बस चुकली," अमा म्हणाली. 

पोराला झोपेचं औषध दिलं, डोक्याला तारा लावल्या. पडद्यावर रेघा सरळ धावत राहिल्या. डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलत होता. दोन्ही कानांत दोष, बराच जास्त. जन्मताना ठीक असावेत, मग हळूहळू गेले. यंत्रं लावू, बघू किती साथ देतात, पुढे गरज पडली तर शस्त्रक्रिया. चार वर्षांच्या आत आलात ते बरं झालं.

"कोणाच्या लक्षात आलं?" त्याने विचारलं.

अमाने हनुवटीने बाईंकडे दाखवलं. "हिच्या. आठ महिन्यांनी."

डॉक्टर हसला, त्याला ती थट्टा वाटली. बाईंनी मान खाली घालून कागदावर सही केली.

यंत्रं नोव्हेंबरच्या शेवटी आली, निळ्या रंगाची, शेंगदाण्याएवढी. पहिला महिना नुसता गोंधळ. अयू ती उपटून टाकायचा. एकदा एक सापडेना म्हणून सगळी गल्ली शोधत फिरली, आणि ते शेवटी क्वेलानला कालवांच्या घमेल्यात मिळालं. "हा गर जरा कडक निघाला गं," ती म्हणाली. अमाने तिला शिव्या घातल्या आणि यंत्र स्वतःच्या सदऱ्याला पुसलं. बाई आता आठवड्यातून दोनदा जात. अमा त्यांना तूच म्हणायची. रागाचं होतं की कशाचं, ते कळत नव्हतं, पण पहिल्यासारखं तुम्ही पुन्हा झालं नाही. मधेच ती विचारायची, "आज मागून चुटकी वाजवलीस का?" आणि बाई म्हणायच्या, "वाजवली." बोलणं एवढंच.

अयू वळत होता कधी कधी. पण पोर काही बोलत नव्हतं, हसत नव्हतं, आवाजाचं त्याला काही पडलेलं दिसत नव्हतं. अमा थकत चालली होती. एकदा म्हणाली, "आधी धीट तरी होता. आता नुसता बहिरा आहे." बाईंनी यंत्र पुन्हा पोराच्या कानात बसवलं. 

जानेवारीतली एक दुपार. पंप बंद होता, आता अयूच्या वेळेला तो बंदच ठेवायचे. बाई जमिनीवर बसून फुग्यांच्या डबीत काडी बुडवत होत्या. दोन्ही सुऱ्या चालू होत्या. दोन गल्ल्या सोडून कोणाच्या तरी नव्या दुकानाचं उद्घाटन असावं. तिकडे माळ लागली. लांबून आली, तडतड, भातावर झाकण हलावं एवढीच. बायकांनी डोकंही वर केलं नाही.

अयूच्या हातातलं कवच गळून पडलं. त्याचे खांदे कानांपर्यंत गेले. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ओठ वाकडे झाले, आणि तो असा रडला, असा रडला, की कवचांचे मनोरे तुडवत धावत गेला आणि अमाच्या ओल्या एप्रनात तोंड खुपसून तिच्या मांडीवर चढायला लागला.

"भित्रट!" क्वेलान नेहमीच्या सवयीने म्हणाली. आणि मग तिचा हात तसाच हवेत राहिला.

अमाने सुरी टाकली. हातमोजे काढले नाहीत, तशाच चिखलाच्या हातांनी पोराला उचललं आणि शेडच्या बाहेर गल्लीत जाऊन उभी राहिली. "घाबरला!" ती ओरडली. "ऐकलंत का सगळ्यांनी? माझा नातू फटाक्यांना घाबरला! भित्रा आहे, एक नंबरचा भित्रा!" ती हसत होती, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नसल्यामुळे ते गालांवरून तसंच वाहत होतं. पोर तिच्या मानेला घट्ट धरून हुंदके देत होतं. देवळातला म्हातारा दारात येऊन बघायला लागला, त्याला काय चाललंय ते समजेना.

अमा परत आत आली आणि थांबली. "बिशिया, तुला काय झालं?"

को बाईंनी खाली पाहिलं. डबी उपडी झाली होती आणि साबणाचं पाणी त्यांच्या मांडीवरून जमिनीवर पसरत होतं. पोर ओरडलं तेव्हा त्या दचकल्या होत्या. 

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. आईचं, एकोणीस वर्षांचं, कोणाचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. क्वेलानने पुढे होऊन त्यांच्या मांडीवरचं पाणी फडक्याने टिपलं आणि त्या रडतात तोवर गप्प बसली, हे तिच्या मानाने फार होतं.

त्या तिमाहीच्या फॉर्मवर पहिल्या रकान्यात बाईंनी लिहिलं: फटाक्यांना घाबरतो. आठवड्याने फॉर्म तपासून परत आला. वरच्या बाईंनी ते वाक्य खोडून खालच्या रकान्यात, अडचणींमध्ये, नीट अक्षरात उतरवलं होतं. को बाईंनी ते तिथून खोडलं, पुन्हा बलस्थानांत लिहिलं, आणि फॉर्म हातात घेऊन वरच्या मजल्यावर भांडायला गेल्या.